मैत्री केंद्र किनाऱ्यावर आहे की किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत? आणि त्यामागच्या पर्वतरांगांविषयी काही शंका

नकाशावाचक (मूळ प्रश्न):

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. अंटार्क्टिकावरील भारतीय संशोधन केंद्रांचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घेण्याचे काम सध्या चालू आहे आणि त्यात एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीपाशी आम्ही अडलो आहोत. मैत्री केंद्र शिर्माकर ओअॅसिस या हिममुक्त टेकड्यांच्या पट्ट्यात आहे, इथपर्यंत सर्व पुस्तकांचे एकमत आहे. परंतु काही नकाशांत हा पट्टा अगदी किनाररेषेवर दाखवला आहे, तर काही लेखांत तो समुद्रापासून ऐंशी ते शंभर किलोमीटर आत असल्याचे लिहिले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे मला शक्य वाटत नाही.

दुसरी शंका पर्वतांविषयी आहे. मैत्रीच्या दक्षिणेला नकाशावर वोल्थाट, ओर्विन, म्युलिग-होफमान अशी नावे पूर्व-पश्चिम ओळीने लिहिलेली दिसतात आणि शिखरांच्या उंच्या ३,००० मीटरच्या आसपास दिलेल्या असतात. छायाचित्रांत मात्र बर्फाच्या सपाट पसाऱ्यातून वर आलेले सुटे सुटे सुळकेच दिसतात. ही एक सलग रांग आहे की वेगवेगळे डोंगर आहेत, उंची समुद्रसपाटीपासून मोजली आहे की बर्फाच्या पृष्ठभागापासून, आणि या पर्वतांच्या पलीकडे, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, जमीन पुन्हा खाली उतरते की नाही, हे कोणी नीट समजावून सांगेल काय? विद्यार्थ्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

दक्षिणायन:

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे की दोन्ही विधाने खरी आहेत. फरक आहे तो किनारा कशाला म्हणायचे यात.

क्वीन मॉड लँडच्या या भागात, म्हणजे प्रिन्सेस अॅस्ट्रिड किनाऱ्यावर, जमिनीवरून वाहत आलेले बर्फ समुद्राशी पोहोचताच तुटून पडत नाही. ते खडकाचा आधार सोडून पाण्यावर तरंगू लागते आणि तसेच तरंगत कित्येक किलोमीटर पुढे पसरते. अशा तरंगत्या, जाड थराला आइस शेल्फ म्हणतात. मैत्रीच्या उत्तरेला जो आहे त्याचे नाव निव्हलिसेन. जहाज येऊन लागते ते या आइस शेल्फच्या बाहेरच्या कड्यापाशी, आणि तिथून शिर्माकरपर्यंत यायचे तर ऐंशी ते शंभर किलोमीटर बर्फावरून यावे लागते. जहाजाने जाणारा माणूस साहजिकच केंद्र आत आहे असे म्हणतो. परंतु ज्या रेषेवर बर्फाखालची जमीन संपून समुद्राचे पाणी सुरू होते, ती रेषा शिर्माकरच्या उत्तर पायथ्यालाच लागून जाते. भूगोलाच्या दृष्टीने खरा किनारा हाच, फक्त त्यावर शेकडो मीटर जाडीचे झाकण आहे.

हे केवळ व्याख्येचे पांडित्य नाही, कारण त्याचा पुरावा तिथे डोळ्यांनी दिसतो. शिर्माकरच्या उत्तर कडेला काही तळी आहेत, ज्यांचे वरचे पाणी गोडे आहे. परंतु आइस शेल्फच्या खालून त्यांचा समुद्राशी संबंध आहे. त्यामुळे उघडा समुद्र इतका दूर असूनही या तळ्यांची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, आणि तळ्यावर जमलेल्या बर्फाला खडकाच्या कडेने भेगा पडत राहतात.

भारताचे पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत उभारले गेले ते जमिनीवर नव्हे, तर याच आइस शेल्फवर, मैत्रीच्या उत्तरेला सुमारे ७५ किलोमीटरवर. वर साचणाऱ्या हिमात ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये ते निवासी केंद्र म्हणून बंद करावे लागले. नंतरचे केंद्र खडकावर बांधायचे हा निर्णय या अनुभवातून आला आणि त्यासाठी शिर्माकरची निवड झाली. आपल्या नकाशावर दक्षिण गंगोत्री दाखवणार असाल, तर ती जमिनीच्या रंगात दाखवू नये, एवढे आवर्जून सुचवतो.

खडकवेडा:

पर्वतांविषयी लिहितो. उत्तर जरा लांबेल, कारण ही रांग नीट कळली की त्या प्रदेशातील बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

प्रथम उंचीचा प्रश्न. सर्व उंच्या समुद्रसपाटीपासूनच मोजलेल्या असतात. म्युलिग-होफमान पर्वतांतील योकुलशिर्क्या हे ३,१४८ मीटरचे शिखर क्वीन मॉड लँडमधील सर्वांत उंच समजले जाते. ओर्विन पर्वतांतील उल्वेटाना २,९३० मीटर आहे. परंतु यांपैकी किती भाग बर्फाबाहेर दिसतो, हे शिखराच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत त्यावर ठरते. उत्तर बाजूने पाहिले तर एक-दीड हजार मीटरचा कडा अंगावर येतो. दक्षिण बाजूने गेल्यास तेच शिखर बर्फाच्या पठारातून जेमतेम डोके वर काढलेला खडक वाटू शकते, कारण तिथे बर्फाचा पृष्ठभागच अडीच हजार मीटरच्या आसपास असतो.

यातच आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर आले. पर्वतांच्या पलीकडे खडकाची जमीन पुष्कळ ठिकाणी खाली उतरते, परंतु बर्फाचा पृष्ठभाग खाली उतरत नाही. उलट तो ध्रुवाच्या दिशेने आणखी चढत जातो. आतील भागात बर्फाची जाडी जागोजागी दोन ते तीन किलोमीटर आहे. ओढ्याला बंधारा घातल्यावर वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालच्या अंगाला पात्र उघडे पडते, तसे या पर्वतरांगेने ध्रुवीय पठाराचे बर्फ अडवून धरले आहे. फक्त येथे तुंबलेले पाणी गोठलेले आहे आणि ते अत्यंत संथपणे का होईना वाहते आहे.

या बंधाऱ्याला फटी आहेत आणि नकाशावर रांग तुटक दिसते ती त्यामुळेच. दोन डोंगरसमूहांच्या मधून हिमनद्या उत्तरेकडे उतरतात. वोल्थाट पर्वतांत हुम्बोल्ट, पेटरमान आणि ग्रूबर असे तीन ठळक गट आहेत आणि त्यांच्यामधली निमुळती खोरी बर्फाने भरलेली आहेत. खडकाच्या दृष्टीने ही एकच तुटलेली कडा आहे, बर्फाच्या दृष्टीने अनेक बेटे आहेत. अशा बर्फाने वेढलेल्या सुट्या शिखरांना नुनाटक हे नाव आहे. मूळ ग्रीनलँडकडचे असले तरी ते आता सर्वत्र वापरतात. सर्वांत मोठी फट मात्र मैत्रीपासून बरीच पश्चिमेला आहे. शून्य रेखावृत्ताच्या जवळून युटुलस्ट्रॉमेन ही प्रचंड हिमनदी एका खोल भूभ्रंश खोऱ्यातून वाहते. या खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीच्याही पुष्कळ खाली आहे. जमीन सोडून तरंगू लागताना तिचा वेग वर्षाला ७०० मीटरच्या आसपास असतो. शिर्माकरच्या अवतीभवतीचे बर्फ याच्यापुढे जवळजवळ थांबलेले आहे असे म्हणता येईल.

ही कडा मुळात तयार कशी झाली, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण वर्गात तो येणारच. गोंडवन या महाखंडाचे तुकडे होऊ लागले तेव्हा, म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीपासून, आफ्रिका आणि अंटार्क्टिका वेगळे झाले. खंड फुटल्यावर नव्या किनाऱ्याच्या मागची जमीन उचलली जाते आणि किनाऱ्याला समांतर अशी एक उंच कड तयार होते. दक्षिण आफ्रिकेतील ड्रेकन्सबर्ग हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. आपला सह्याद्रीही याच जातीचा, एका बाजूला तुटलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू उतरणारे पठार. क्वीन मॉड लँडची रांग ही ड्रेकन्सबर्गची समोरच्या किनाऱ्यावरची जोडीदार आहे. सह्याद्रीवर पावसाने आणि ओढ्यांनी जे काम केले ते तेथे पुढे हिमनद्यांनी केले. उल्वेटानाचे सरळसोट सुळके ही त्याचीच करणी, डोंगराला अनेक बाजूंनी हिमनद्यांनी पोखरल्यावर मधे उरलेले ते पाते आहे. या सुळक्यावर प्रथम चढाई झाली ती १९९४ मध्ये, एका नॉर्वेजियन पथकाकडून. त्या काळापर्यंत जगातील बहुतेक नामांकित शिखरे चढून झाली होती, यावरून ही जागा किती आडबाजूला आहे हे ध्यानात यावे.

नकाशावाचक:

दोघांचेही मनापासून आभार. बर्फाचा पृष्ठभाग आणि खडकाचा पृष्ठभाग या दोन वेगळ्या गोष्टी मानायला हव्यात, हे आता स्पष्ट झाले.

यावरून आणखी दोन प्रश्न सुचतात. पर्वत बर्फ अडवतात म्हणून त्यांच्या पुढे जमीन उघडी पडते असे मानले, तर पर्वतांपासून ७०-८० किलोमीटर दूर असलेला शिर्माकरचा एवढासाच पट्टा उघडा का, मधली सगळी जमीन का नाही? आणि दुसरे, अंटार्क्टिकाचा हा भाग एके काळी भारताला जोडलेला होता आणि तिथला दगड आपल्याकडच्या दगडाशी जुळतो, असे एका पुस्तिकेत वाचले. तिथेही आपल्यासारखा काळा पाषाण आहे काय?

दक्षिणायन:

शिर्माकरचा पट्टा सुमारे २५ किलोमीटर लांब आणि फार तर तीन किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३५ चौरस किलोमीटरच्या आसपास. तो उघडा राहण्याला एकच कारण नाही.

पर्वतांच्या फटींतून येणारे बर्फ मोजकेच असते, हे पहिले. ते उत्तरेकडे उतरताना या टेकड्यांच्या उंचवट्यापाशी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून आइस शेल्फला मिळते. मधली जमीन मात्र सखल असल्यामुळे तिच्यावर बर्फ टिकून आहे. दुसरे कारण वारा. ध्रुवीय पठारावरची हवा अतिशय थंड आणि म्हणून जड होते आणि उतारावरून समुद्राकडे घसरत येते. हा वारा कोरडा असतो. तो पडलेला भुरभुरीत हिम उडवून नेतो आणि उरलेल्या बर्फाची न वितळताच वाफ करत राहतो. तिसरे असे की एकदा खडक उघडा पडला की तो आपणच आपले रक्षण करतो. गडद रंगामुळे उन्हाळ्यात तो तापतो, त्यावर पडलेले हिम टिकत नाही आणि कडेचे बर्फही वितळू लागते. या वितळलेल्या पाण्यामुळेच एवढ्याशा पट्ट्यात शंभराहून अधिक तळी आहेत. मैत्रीला पाणी मिळते ते यांपैकी एका तळ्यातून. आपल्या लोकांनी त्याला प्रियदर्शिनी हे नाव दिले आहे.

याच वाऱ्यामुळे त्या भागात आणखी एक दृश्य दिसते, ते म्हणजे निळे बर्फ. ज्या ठिकाणी वर्षभरात साचणाऱ्या हिमापेक्षा उडून जाणारे अधिक असते, तिथे खोलवर दबलेले, हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीसे झालेले जुने बर्फ पृष्ठभागावर येते. ते काचेसारखे कठीण असते. केपटाउनहून येणारी चाकांची मालवाहू विमाने शिर्माकरजवळ उतरतात ती अशाच बर्फावरच्या धावपट्टीवर. रशियाचे नोवोलाझारेव्स्काया केंद्र १९६१ पासून मैत्रीच्या पूर्वेला काही किलोमीटरवर आहे आणि धावपट्टी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

थोडे अवांतर होईल, पण सांगण्याचा मोह आवरत नाही. क्वीन मॉड लँडच्याच पूर्व भागात यामातो पर्वत आहेत. १९६९ मध्ये जपानी पथकाला तिथल्या निळ्या बर्फावर नऊ उल्का सापडल्या आणि तपासल्यावर त्या वेगवेगळ्या प्रकारच्या निघाल्या, म्हणजे एकाच दगडाचे तुकडे नव्हेत. विस्तीर्ण पठारावर हजारो वर्षांत पडलेल्या उल्का बर्फाबरोबर वाहत पर्वतापाशी आल्या, पर्वताने बर्फ अडवले, वाऱ्याने ते झिजवले आणि दगड तेवढे मागे राहिले. अंटार्क्टिकावर उल्का शोधण्याची आज जी रीतसर मोहीम चालते तिचा उगम या नऊ दगडांत आहे, आणि त्यामागचे कारण वर खडकवेडा यांनी सांगितले तेच, पर्वतांनी बर्फ अडवणे.

खडकवेडा:

भारताशी जोडणीबद्दल त्या पुस्तिकेने दोन वेगळ्या जागांची गल्लत केलेली दिसते.

मैत्रीच्या मागचे पर्वत गोंडवनाच्या नकाशात आग्नेय आफ्रिकेसमोर, मोझांबिकच्या बाजूला येतात. श्रीलंका त्याच्या पूर्वेला येते. भारताचा पूर्व किनारा त्याहूनही पूर्वेला, एन्डरबी लँड आणि त्यापलीकडच्या प्रदेशाला जोडलेला होता. पूर्व घाटातील खडक आणि तेथील खडक सुमारे शंभर ते नव्वद कोटी वर्षांपूर्वी एकाच उलथापालथीतून गेले, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. भारताचे तिसरे केंद्र, भारती, २०१२ मध्ये सुरू झाले ते लार्समन टेकड्यांत, ७६ अंश पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे मैत्रीपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. तेव्हा भारताशी असलेल्या जुन्या जोडणीचा मुद्दा नकाशावर लिहायचा असेल, तर तो भारतीच्या बाजूला लिहावा. मैत्रीच्या बाजूला लिहिल्यास जाणकार हरकत घेतील.

आता काळा पाषाण. वोल्थाट आणि ओर्विनमधील मुख्य खडक रूपांतरित आहेत, नाइस जातीचे, आणि त्यांच्यात घुसलेले चार्नोकाइटसारखे अग्निजन्य खडक आहेत. साठ ते पन्नास कोटी वर्षांपूर्वी, गोंडवनाचे तुकडे एकमेकांवर आदळून ते महाखंड सांधले जात होते, तेव्हा हे सर्व खोल भूकवचात भाजून निघाले. कातळाचा रंग ठिकठिकाणी तपकिरी, मधासारखा दिसतो. ग्रूबर पर्वतांत मात्र अॅनॉर्थोसाइट या खडकाचा मोठा समूह आहे, वयाने साठ कोटी वर्षांच्या आसपास, जवळजवळ संपूर्णपणे फेल्डस्पार या एकाच खनिजगटाचा बनलेला. चंद्रावरचे उजळ दिसणारे उंच प्रदेश याच जातीच्या खडकाचे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकांनी १९८० नंतरच्या दशकांत शिर्माकर आणि वोल्थाटचा बराच भाग पायी आणि हेलिकॉप्टरने फिरून नकाशांवर आणला. त्याआधी १९६० च्या दशकात सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी तिथे पायाभूत काम करून ठेवले होते.

सह्याद्रीसारखे बेसॉल्टचे थर हवे असतील तर याच प्रदेशात पश्चिमेला, वेस्टफिएला येथे जावे लागेल. ते लाव्हाचे थर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेतील कारू लाव्हांचे भाऊबंद आहेत. दख्खनचा लाव्हा त्या मानाने फारच अलीकडचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर अंटार्क्टिका कधीच दूर निघून गेला होता.

जुनीपाने:

नावांबद्दल थोडक्यात. अंटार्क्टिकावरील भारतीय केंद्राच्या मागच्या पर्वतांना जर्मन नावे कशी, असे विद्यार्थी हमखास विचारतील.

१९३८-३९ मध्ये आल्फ्रेड रिट्शर यांच्या नेतृत्वाखाली एक जर्मन मोहीम श्वाबेनलांड या जहाजातून तिथे गेली. जहाजावरून झेपावणाऱ्या दोन जलविमानांनी पर्वतांची हजारो छायाचित्रे घेतली. शिर्माकर हे त्यांपैकी एका विमानाचे वैमानिक. वोल्थाट हे मोहिमेमागचे सरकारी अधिकारी, ग्रूबर हे हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याच्या तंत्रातले जाणकार, पेटरमान आणि हुम्बोल्ट हे जुने भूगोलतज्ज्ञ. जमिनीवर पक्के संदर्भबिंदू न घेताच छायाचित्रे काढल्यामुळे त्यांवरून केलेल्या नकाशात शिखरांच्या जागा आणि उंच्या चुकल्या होत्या. त्या पुढे नॉर्वे आणि सोव्हिएत संघाच्या पथकांनी दुरुस्त केल्या. ही मोहीम तिथे पोहोचण्याच्या सुमारासच, १४ जानेवारी १९३९ रोजी, नॉर्वेने या प्रदेशावर आपला हक्क जाहीर केला होता, त्यामुळे ओर्विन, उल्वेटाना अशी नॉर्वेजियन नावेही शेजारीशेजारी आढळतात. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानंतर असे सगळे हक्क जैसे थे ठेवले गेले आहेत. तिथे जर्मनांनी गुप्त तळ बांधल्याच्या कथा आंतरजालावर भरपूर सापडतील. ती मोहीम तिथे काही आठवडेच होती आणि तळ वगैरे काही बांधला गेला नाही, एवढे सांगून तो विषय वर्गात मिटवावा.

पाणथळ:

वर तळ्यांचा विषय निघाला म्हणून ग्रूबर पर्वतांतील उंटरझे या तळ्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते त्या सबंध प्रदेशात त्याच्याइतकी विलक्षण जागा दुसरी नाही.

हे तळे मैत्रीच्या आग्नेयेला सुमारे ९० किलोमीटरवर, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेले आहे. उत्तरेच्या चौथ्या बाजूला अनुचिन हिमनदीने आडवे येऊन ते अडवले आहे. क्षेत्रफळ ११ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, खोली १६९ मीटर. वरचे काही मीटर जाडीचे बर्फ बाराही महिने कायम असते. उन्हाळ्यातही कडेने पाण्याची फट पडत नाही. तळ्यातून बाहेर जाणारा ओढा नाही. हिमनदीचे टोक पाण्याखाली वितळून जेवढे पाणी आत येते, साधारण तेवढेच वरच्या बर्फाची वाफ होऊन निघून जाते. बाहेरच्या हवेशी संबंध तुटल्यामुळे आणि फेल्डस्पारच्या झिजेमुळे हे पाणी कमालीचे अल्कधर्मी झाले आहे. त्याचा सामू १० च्या वर आहे. तळावर सूक्ष्मजीवांच्या थरांनी उभारलेले शंकू आहेत, काही अर्धा मीटर उंचीचे. पृथ्वीवर तीन अब्ज वर्षांपूर्वी उथळ समुद्रात अशा रचना होत असत, त्यांचे जीवाश्म सापडतात. या आकाराच्या जिवंत रचना पाहायला मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

याच कड्यांवर हिमपाखरू, म्हणजे स्नो पेट्रेल, घरटी करते. समुद्रावर जाऊन खायचे आणि दीडशे-दोनशे किलोमीटर उडून पर्वतात परत यायचे, असा त्याचा क्रम असतो. कोणी जवळ आले की हा पक्षी पोटातील नारिंगी, उग्र वासाचे तेल तोंडातून फेकतो. घरट्याच्या तोंडाशी हे तेल सांडत राहते, थंडीत कुजत नाही आणि पिढ्यान् पिढ्या त्याचे मेणासारखे घट्ट थर एकावर एक चढतात. अशा थरांचा कार्बनच्या साहाय्याने काळ काढता येतो, आणि ग्रूबर पर्वतांतील काही थर ३०,००० वर्षांहून जुने निघाले. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातही हे कडे उघडे होते आणि पक्षी तिथे येत होते, असा त्याचा अर्थ. भूगोलाच्या दृष्टीने हा फार मोलाचा पुरावा आहे, कारण त्या काळी बर्फ किती उंचीपर्यंत चढले होते त्याची वरची मर्यादा त्यावरून ठरते.

पश्चिमेला म्युलिग-होफमान पर्वतांत स्वार्टहामारेन नावाचा उतार आहे, समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटरवर. अंटार्क्टिक पेट्रेलची जगातील सर्वांत मोठी ज्ञात वसाहत तिथे आहे. संरक्षित क्षेत्र म्हणून ती जागा नोंदलेली आहे. २०२१-२२ च्या उन्हाळ्यात ऐन विणीच्या काळात तिथे एकामागून एक हिमवादळे झाली आणि त्या वर्षी जवळजवळ एकही घरटे टिकले नाही.

उत्तरवाट:

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु एका गोष्टीकडे कोणी वळले नाही. मैत्रीजवळची दक्षिण गंगोत्री हिमनदी सतत मागे हटत असल्याचे मी वाचले आहे. म्हणजे हे बंधाऱ्यामागचे बर्फ आता वितळू लागले आहे, असाच निष्कर्ष निघत नाही काय? नकाशावर हेही दाखवायला हवे.

खडकवेडा:

तसा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

दक्षिण गंगोत्री हिमनदीचे टोक शिर्माकरच्या पश्चिम भागात खडकापाशी येऊन संपते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून त्या टोकाची जागा मोजत आले आहे. टोकाच्या समोर खडकावर ठरावीक खुणा आहेत, त्यांपासून बर्फाच्या कडेपर्यंतचे अंतर दर उन्हाळ्यात मोजायचे, अशी ही साधी पण चिकाटीची पद्धत आहे. हे टोक मागे हटते आहे हे खरे, परंतु पहिल्या दोन दशकांची सरासरी वर्षाला एक मीटरहूनही कमी आहे. हिमालयातील पुष्कळ हिमनद्या वर्षाला दहा-वीस मीटर मागे हटतात, त्याच्याशी ताडून पाहावे.

शिवाय हे टोक म्हणजे हिमचादरीची एक अगदी बारीक, जमिनीवर संपणारी जीभ आहे. तिच्यावर उघड्या खडकाच्या उष्णतेचा आणि स्थानिक वाऱ्याचा परिणाम फार होतो. पर्वतांच्या दक्षिणेकडील बर्फ बाहेर पडते ते मुख्यतः युटुलस्ट्रॉमेनसारख्या मोठ्या वाटांनी, आणि तिथे काय घडेल हे आइस शेल्फखालच्या समुद्राच्या तापमानावर अवलंबून आहे. आइस शेल्फ तरंगते असल्यामुळे ते वितळून समुद्राची पातळी थेट फारशी वाढत नाही. पण ते मागच्या बर्फाला रेटून धरते, आणि ते पातळ झाले तर मागचे बर्फ वेगाने येऊ लागते. अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागात असे घडताना दिसते आहे. क्वीन मॉड लँडच्या बाजूला एवढे मोठे बदल आजवर नोंदले गेलेले नाहीत. एका जिभेच्या मोजमापावरून खंडाचे भाकीत करणे जितके चुकीचे, तितकेच तिचे मोजमाप निरुपयोगी समजणेही चुकीचे. चाळीस वर्षांची अखंड नोंद त्या भागात दुसऱ्या फारच थोड्या ठिकाणी असेल.

नकाशावाचक:

सर्वांचे आभार. विद्यार्थ्यांशी बोलून आता असे ठरवले आहे की नकाशाबरोबर मैत्रीच्या रेखावृत्तावरचा, म्हणजे सुमारे ११ अंश ४४ मिनिटे पूर्व, एक उत्तर-दक्षिण उभा छेदही काढायचा. आइस शेल्फचा कडा, त्यामागे शिर्माकर, मग चढत जाणारे बर्फ, पर्वत आणि पलीकडचे पठार, असा त्याचा क्रम असेल. काही चूक होत असल्यास सांगावे.

दक्षिणायन:

योजना उत्तम आहे. छेदात खडकाची आणि बर्फाची रेषा वेगवेगळ्या रंगांत काढावी आणि आइस शेल्फच्या खाली समुद्राचे पाणी शिर्माकरच्या पायथ्यापर्यंत आणून भिडवावे, म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रातच येईल. उभे प्रमाण आडव्याच्या निदान दहापट घ्यावे लागेल. अन्यथा दोनशे किलोमीटर लांबीच्या छेदात तीन किलोमीटरचा पर्वत दिसणारच नाही. हे प्रमाण छेदाखाली ठळक लिहावे. नकाशावर मात्र किनाऱ्याच्या दोन रेषा दाखवाव्यात, बर्फाच्या बाहेरच्या कड्याची अखंड आणि जमिनीच्या कडेची तुटक. ताजी उपग्रह छायाचित्रे किंवा तपशील हवे असतील तर गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचे सर्व नियोजन तिथूनच होते. शाळेच्या नावाने पत्र लिहून त्यांच्याकडे विचारणा करून पाहावी.

खडकवेडा:

एक दुरुस्ती सुचवतो. ११ अंश ४४ मिनिटांची रेषा सरळ दक्षिणेकडे नेली तर ती पर्वतांच्या एखाद्या फटीतून जाण्याचा संभव आहे आणि मग छेदात शिखरच येणार नाही. वोल्थाटच्या तपशीलवार नकाशावर ती रेषा आधी आखून पाहावी. गरज पडल्यास मैत्रीपासून किंचित आग्नेयेकडे वळवून ती ग्रूबर पर्वतांवरून न्यावी, म्हणजे उंटरझे तळेही त्या छेदात दाखवता येईल.